गव्हाच्या कोठीतला नारळ

घरातली प्रत्येक वस्तू तिच्या ठरलेल्या जागीच असली पाहिजे, असा निर्णय मी एका गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून घेतला. निर्णय इतका लहान होता की बायकोला विचारावं असंही मला वाटलं नाही. (वाचकांतल्या विवाहित मंडळींनी इथेच मान हलवली असेल. माझी हरकत नाही.)

आता ऑफिसात बसून घराचा निर्णय का घेतला, ते सांगतो. मी, अभिमन पाटील, तेव्हा जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइप कंपनीत कारकून होतो. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा कोणाला तरी पुण्याला शिकायला पाठवायचं ठरलं. आमचे मॅनेजर दिलवरसिंग साहेब शिरपूरकडचे, मिशांना तूप लावणारे. त्यांनी सगळ्या स्टाफवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पाटील जाईल. त्याच्यावाचून इथलं काही अडत नाही." ही माझी निवड.

पुण्याच्या कोर्समध्ये मला कळलं की प्रोग्रॅम कोणीच सगळाच्या सगळा स्वतः लिहीत नाही. स्क्रीनवर चौकट काढणं, तारीख लावणं असली कामं आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. त्याला लायब्ररी म्हणतात. आपण आपलं थोडंसं लिहायचं, मग एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, लिहायची. ती स्क्रिप्ट आपलं थोडंसं उचलते, लायब्ररीतून बाकीचं गोळा करते आणि प्रोग्रॅम बांधून देते. म्हणजे माझ्या संसारासारखंच. मी थोडंसं करायचं, बाकीचं आधीच कोणीतरी करून ठेवलेलं.

परत येऊन मी माल रवाना करण्याचा प्रोग्रॅम लिहिला. कुठला पाइप, कुठल्या ट्रकने, कुठल्या गावाला, सगळं स्क्रीनवर चौकटीत दिसणार होतं. मुख्य कचेरीतून एक मोठे साहेब तो बघायला शनिवारी खास येणार होते. आणि माझी स्क्रिप्ट प्रोग्रॅम बांधायला तयार नव्हती. चालवली की एकच उत्तर: लायब्ररी सापडली नाही.

"सापडली नाही म्हणजे?" दिलवरसिंग साहेबांनी विचारलं.

"म्हणजे मिळत नाही, साहेब."

"मशीनमध्ये आहे की नाही?"

"असायला पाहिजे."

"मग बघ ना नीट! पेटीएवढं तर मशीन आहे. त्यात कुठे जाणार?"

मी सोमवारपासून शोधत होतो. अखेर गुरुवारी ती मिळाली. मशीन बसवायला पुण्याहून आलेल्या इंजिनियरने सगळ्या लायब्रऱ्या 'मिस्क' नावाच्या भलत्याच डिरेक्टरीत, म्हणजे मशीनमधल्या कप्प्यात, टाकून ठेवल्या होत्या. मिस्क म्हणजे किरकोळ. माझी स्क्रिप्ट बिचारी रिवाजाप्रमाणे दोन ठरलेल्या जागांमध्ये बघायची आणि हात हलवत परत यायची. बाई घरातच होती, पण आतल्या खोलीत. माझ्या स्क्रिप्टने फक्त ओसरी बघितली.

अशा वेळी स्क्रिप्टमध्ये 'तिकडेही बघ' अशी एक ओळ घालायची असते. कोर्समध्ये ते शिकवलं होतं. (मी चहाला गेलो होतो.) मी सरळ मार्ग धरला. लायब्ररी उचलली आणि मिस्कमधून काढून ठरलेल्या जागी नेऊन ठेवली. स्क्रिप्ट चालवली. प्रोग्रॅम बांधला गेला! चौकटी दिसल्या! दिलवरसिंग साहेबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझं नाक कीबोर्डला लागलं.

"शाब्बास! शनिवारी मोठ्या साहेबांसमोर मशीनची पूजा करून टाकू. नारळ तू आण, पाटील."

त्या क्षणी मला आयुष्याचं सार कळल्यासारखं वाटलं. जगातलं सगळं दुःख वस्तू भलत्या जागी ठेवल्यामुळे आहे. आणि वस्तू भलत्या जागी ठेवण्यात आमच्या घराचा हात धरणारं जळगावात दुसरं घर नव्हतं.

मंजुळा, म्हणजे आमची ही, तेव्हा मुलांना घेऊन अमळनेरला माहेरी गेली होती. शनिवारी सकाळी येणार होती. यायलाच हवं होतं, कारण रविवारी आमच्याकडे कानबाई होती.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, साडीचोळी नेसवतात, आणि सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. एरवी बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ त्या दिवशी मांडीला मांडी लावून रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, खातात. आमच्या भाऊबंदकीची कानबाई वर्षानुवर्षं धुळ्याजवळच्या गावी, माझ्या थोरल्या काकूकडे, झुंबर अक्काकडे बसायची. या वर्षी अक्का म्हणाली, आता गुडघे धरतात, पुढचं मंजुळाने बघावं. गावातल्या इतक्या सुना सोडून तिने जळगावच्या सुनेचं नाव घेतलं, तेव्हा काही जणींनी नाकं मुरडली होती. शहरातल्या बाईला हे झेपायचं नाही, असंही कोणीतरी म्हणालं. मंजुळाने ते ऐकलं होतं आणि मनावर घेतलं होतं. गेला महिनाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

आमच्या कानबाईचा नारळ नवा आणत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तोच. वर्षभर तो कुठे असतो, हे फक्त बायकांना माहीत असतं. पुरुषांनी विचारायचं नाही आणि बायकांनी सांगायचं नाही. मी जन्मात कानबाई पाहिली ती नथ घातलेली, डोळे लावलेली, पाटावर बसलेली. सोमवारी विसर्जनाचे विधी झाले की ती कुठे जायची, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

अमळनेरला जाताना मंजुळा दारात थांबून म्हणाली होती, "टोपलीतले नारळ ओटीचे आहेत. आणि कशालाही हात लावू नका."

पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं.

शुक्रवारी आमच्या वसाहतीला सुट्टी. (आमची सुट्टी देव नाही, वीज मंडळ ठरवायचं.) आंघोळ करून मी कामाला लागलो. आमच्या स्वयंपाकघराची अवस्था काय सांगू! जिऱ्याच्या डब्यावर 'चहा' लिहिलेलं. चहा बिस्किटांच्या डब्यात. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ तुपाच्या डब्यात, तूप लोणच्याच्या बरणीत, उन्हाळ्यात घातलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या लग्नातल्या सुटावर. टॉर्च तांदळात. पक्कड झाऱ्या-उलथण्यांबरोबर टांगलेली. काड्यापेटी तुळशीमागे. घर कसलं, सगळीकडे मिस्कच मिस्क!

मी ऑफिसातून लेबलं छापून आणली होती. आमच्या प्रिंटरला मराठी येत नव्हतं म्हणून ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत होती. ती मी डब्यांवर डिंकाने चिकटवली. धान्य धान्याच्या खोलीत, कपडे कपाटात, हत्यारं हत्यारांत. घामाघूम झालो, पण असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (लग्नात तो सूट फार टोचत होता.)

शेवटी राहिली गव्हाची कोठी. ती स्वयंपाकघरात होती, म्हणजे चुकीच्या जागी. भरलेली हलेना, म्हणून गहू घमेल्याने उपसून धान्याच्या खोलीतल्या पत्र्याच्या पिंपात ओतायला सुरुवात केली. धूळ उडते म्हणून चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि कोठीत कमरेपर्यंत वाकलो. तळाशी हाताला काहीतरी गोल लागलं. काढून बघतो तर लाल कापडात गुंडाळलेला नारळ!

मी कपाळाला हात लावला. गव्हात नारळ! याला काय म्हणायचं? आणि मग मी माझ्या नव्या शिस्तीला धरून जे करायला हवं तेच केलं. लाल कापड झटकून, घडी घालून कपड्यांच्या कपाटात ठेवलं. आणि नारळ टोपलीत, नारळांत.

संध्याकाळी चष्मा सापडेना. चष्म्याची ठरलेली जागा मीच सकाळी मुक्रर केली होती, आरशाखालचं फळकूट. तिथे नव्हता. मग दोऱ्याने दांडी बांधलेला जुना चष्मा लावला. त्यातून जग जरा धुक्यातलं दिसायचं, पण आता सगळं जागेवर असल्यामुळे फारसं बघायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी ऑफिसला निघताना टोपलीतून पूजेसाठी नारळ निवडला. शेंडीवाले, केसाळ नारळ मोठ्या साहेबांसमोर बरे दिसणार नाहीत, असा विचार करून मी एक गुळगुळीत, काळसर, अंगावर चकाकी असलेला नारळ उचलला. हाताला हलकाही लागला. लुनाच्या पिशवीत घालायला बरा, असंच मला वाटलं.

ऑफिसात कॉम्प्युटरला झेंडूचा हार, मॉनिटरवर हळदीकुंकू. मोठे साहेब पुण्याचे. ते हाताची घडी घालून उभे होते. फरशी खराब होऊ नये म्हणून दिलवरसिंग साहेबांनी खाली विटेचा तुकडा ठेवला होता. मी नारळ मशीनला ओवाळला. डोळे मिटले. हात वर नेला.

"थांबा!"

दारात कौतिकभाऊ. हे आमचे गेटपासचे हेडक्लार्क, रिटायरमेंटला टेकलेले. त्यांची टोपी तिरकी झाली होती. "गेटपास निघत नाही! ट्रक उभे आहेत! ड्रायव्हर शिव्या देतात!"

"का निघत नाही?" दिलवरसिंग साहेब.

"मशीन म्हणतं, लायब्ररी सापडली नाही!"

माझा हात वरच राहिला. कौतिकभाऊंचा गेटपासचा प्रोग्रॅम त्या पुण्याच्या इंजिनियरनेच करून दिला होता. पाइपाचा नवीन साइज आला की तो त्यात घालायचा आणि प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा. आज नवीन साइज आला होता. कौतिकभाऊंची स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे नेमकी मिस्कमध्ये गेली होती, आणि तिथे काहीच नव्हतं. म्हणजे मी जिला भलती जागा म्हणत होतो, ती दुसऱ्या कोणाची तरी ठरलेली जागा होती.

"पाटील," दिलवरसिंग साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू काही हलवलंस?"

"थोडंसं, साहेब."

"आधी ते बघ. मग नारळ. सगळ्यांसमोर कंपनीची शोभा झाली!"

मी नारळ मशीनवर ठेवला. मोठ्या साहेबांनी घड्याळात बघितलं. एवढा अपमान माझा उभ्या आयुष्यात झाला नव्हता. (पुढे झाले. पण ते वेगळे.) मी खुर्चीत बसून कीबोर्डला हात लावतो न लावतो तोच बाहेरच्या टेबलावरून हाक आली, "पाटील, घरून फोन! बाई रडताहेत वाटतं!"

आमच्या घरी फोन नव्हता. मंजुळा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बोलत होती.

"गव्हाची कोठी कुठे गेली?"

"धान्याच्या खोलीत. रिकामी करून ठेवलीय. गहू पिंपात. बघितलंस का, लेबल..."

"तिच्यातला नारळ?"

"नारळांत ठेवला."

"आणि त्याचं कापड?"

"कपड्यांत."

"अहो, मी टोपलीतला एकेक नारळ कानाला लावून हलवला. सगळ्यांत पाणी आहे. एकही खुळखुळत नाही."

"मग चांगलंच आहे की. ताजे आहेत."

"अहो, आपला जुना आहे! त्यातलं पाणी कधीच आटलं. आतली वाटी सुटून खुळखुळ वाजते, मागच्या महिन्यात सोपवताना अक्कांनी मला ऐकवलं होतं." तिचा आवाज फुटला. "ती कानबाई आहे हो! संध्याकाळी अक्का येतील. मी काय दाखवू त्यांना? पहिल्याच वर्षी?"

माझ्या डोळ्यांपुढे तो गुळगुळीत, काळसर, हलका नारळ आला.

आणि तेवढ्यात आतल्या हॉलमधून मोठ्या साहेबांचा आवाज आला, "गेटपास हाताने लिहून द्या हो आजच्या दिवस. मला गाडी गाठायचीय. फोडून टाका तो नारळ."

मी रिसीव्हर टाकला की ठेवला, आठवत नाही. धावत आत गेलो. कौतिकभाऊंनी टोपी सरळ केली होती आणि त्यांचा हात वर गेला होता.

"थांबा! ती माझी कानबाई आहे!"

कौतिकभाऊंचा हात हवेतच थिजला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"काय आहे म्हणे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"त्याच्या घरची देवी, साहेब," दिलवरसिंग साहेब म्हणाले.

"आणि तो ती फोडायला घेऊन आलाय?"

मी मान डोलावली.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कौतिकभाऊंनी नारळ सावकाश कानाशी नेला, हलवला. खुळखुळ वाजला. त्यांनी पायातल्या चपला बाजूला सारल्या, नारळ कपाळाला लावला आणि म्हणाले, "अरे पाटील, आज माझ्या हातून काय करवून घेत होतास रे!" त्यांच्या मागे गेटवाले, स्टोअरवाले, ट्रकचे दोन ड्रायव्हर, सगळ्यांनी चपला-बूट काढले आणि एकेक करून हात जोडले. दिलवरसिंग साहेबांनीही बूट काढले. ते बघून मोठ्या साहेबांनीही काढले. (त्यांच्या एका मोज्याला भोक होतं. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.)

"हिला असं उघडं नेऊ नको," दिलवरसिंग साहेब म्हणाले. आजूबाजूला कापड शोधायला लागले. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून लाल मखमलीचं आवरण शिवून घेतलं होतं. त्यांनी तेच उचललं. "यात घे. आणि कंपनीची जीप ने. लुनावर नको."

"साहेब, लायब्ररी..."

"आधी देवीला जागेवर नेऊन ठेव. मग तुझी लायब्ररी."

जीपमध्ये कानबाई मांडीवर घेऊन बसलो आणि मला घाम फुटला. कौतिकभाऊंची स्क्रिप्ट त्या सकाळी चालली असती, तर? गेटपास निघाला असता, ट्रक गेले असते आणि आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानबाईची खोबऱ्याची वाटी मी मोठ्या साहेबांना प्रसाद म्हणून दिली असती! सोमवारपासून ज्या वाक्याने मला छळलं होतं, ऐन पूजेत ज्याने माझी अब्रू घेतली होती, त्याच वाक्याने माझा हात वरच्या वर धरला. लायब्ररी सापडली नाही. त्या तीन शब्दांचा मी जन्माचा ऋणी आहे. आणि त्या पुण्याच्या इंजिनियरचाही. त्याला मी आठवडाभर मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या परत घेतो.

मंजुळा दारातच उभी होती. मी आवरण पुढे केलं. तिने ते उघडलं, नारळ कानाशी नेऊन हलवला, आणि आवाज ऐकल्यावर उंबऱ्यावरच बसून रडली. मला वाटलं होतं, बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मी नुसता शेजारी बसलो. तिचा सगळा मान मी लुनाच्या पिशवीत घालून नेला होता आणि परत आणणारे दुसरेच होते, एवढं मला कळत होतं.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अक्का यायच्या आत सगळं होतं तसं करायचंय. उठा."

दुपारभर ती जागा सांगत होती आणि मी वस्तू नेत होतो. तेव्हा कळलं की टॉर्च तांदळात का होता. मी आणलेल्या स्वस्तातल्या सेलना पावसाळ्यात ओल धरायची. काड्यापेटी तुळशीमागे, कारण दिवेलागणीलाच वीज जायची. आणि पक्कड झाऱ्यांबरोबर, कारण गॅसच्या शेगडीचं बटण तुटलं होतं. ते मी दिवाळीपासून 'उद्या बसवतो' म्हणत होतो. रोज सकाळी माझा चहा ती पकडीने गॅस फिरवून करत होती. मला वाटत होतं घरात शिस्त नाही. शिस्त होती. ती माझ्या आळसाला वळसे घालून बसवलेली होती, एवढंच. मी गुपचूप लेबलं खरवडून काढली. (डिंक चांगला निघाला. 'SHENGDANE' आजही पुसटसं दिसतं.)

संध्याकाळी झुंबर अक्का सगळ्या भाऊबंदांसह टेम्पोने आली. तिचे पाय धुतले, चहा झाला. घरात बसायला जागा उरली नाही. मंजुळाने आतल्या खोलीत नेऊन अक्काला कानबाई दाखवली, लाल कापडात, जशीच्या तशी. अक्का बाहेर आली ती समाधानाने पान चघळत. नाकं मुरडणाऱ्या सुना गप्प होत्या. मंजुळाने माझ्याकडे बघितलं. सुटलो, असं त्या नजरेत होतं.

मग रोटाचे गहू मोजायची वेळ झाली. आमच्यात घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, मग ते दळून त्याचा रोट होतो. सगळी भाऊबंदकी गोल करून बसली. अक्काने कोठीत हात घातला. एकेक नाव घेत ती सुपात मूठ सोडत होती.

"हाई उखर्डूनी... हाई सुपडूनी... हाई अभिमननी..."

आणि हात बाहेर आला तो मुठीतून दोन दांड्या बाहेर काढलेला.

"हाऊ काय शे?"

माझा चष्मा होता. कोठीत वाकलो तेव्हा खिशातून गव्हात पडला, गव्हाबरोबर पिंपात गेला आणि दुपारी गव्हाबरोबरच कोठीत परत आला. चाळीसेक डोळे माझ्याकडे वळले. बायकांचे जास्त, कारण गव्हाच्या कोठीत वर्षभर काय लपवलेलं असतं ते त्यांना माहीत होतं.

"माझ्याच हातून पडला असेल, अक्का," मंजुळा पटकन म्हणाली.

तिने असं म्हणायचं काहीच कारण नव्हतं. सकाळी मी तिला ज्या खड्ड्यात ढकललं होतं, त्यात ती आता माझ्याऐवजी स्वतः उतरत होती.

अक्काने चष्मा पदराला पुसला, उलटासुलटा करून बघितला. "मंजुळा, तू चष्मा लावस का?"

मंजुळाने पदर सारखा केला.

"अभिमन, कोठीमा तू काय शोधत व्हता रे?"

मग मी सगळं सांगितलं. मिस्कपासून मखमलीपर्यंत. सांगताना कोणाकडे बघवेना. अक्का पान चघळत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. ती हसत होती.

"आपली कानबाई कंपनी देखी उनी!" ती टाळी वाजवून म्हणाली. "बठ्ठासनी जोडा काढात! पुण्याना साहेबनी बी?"

"हो, अक्का. सगळ्यांनी जोडे काढले, साहेबांनीही."

"मंग कसाले रडतस? मान लीसन उनी ती." (म्हणजे मान घेऊनच आली.) आणि मंजुळाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू चांगली संभाळी, माय. हाऊ असा धनी ऱ्हाईसन बी."

सगळी भाऊबंदकी हसली. नाकं मुरडणाऱ्याही हसल्या. मंजुळाही हसली, आणि ते बघून मला इतकं बरं वाटलं की माझ्यावरच हसताहेत हे थोडा वेळ लक्षातही आलं नाही.

"आते जागा बदलनी पडी," अक्का म्हणाली. "म्हणीसनच माणसेसले सांगतस नही." (म्हणजे, म्हणूनच पुरुषांना सांगत नाहीत.) आणि माझा चष्मा माझ्या नाकावर चढवून तिने राहिलेली मूठ पुरी केली.

रविवारी कानबाई बसली. जीपचा ड्रायव्हर आला, कौतिकभाऊ सपत्नीक आले, दिलवरसिंग साहेब मिशांना जास्तीचं तूप लावून आले. सोमवारी ऑफिसात जाऊन मी लायब्ररी परत मिस्कमध्ये ठेवली आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ घातली: तिकडेही बघ. पहिल्या झटक्यात प्रोग्रॅम बांधला गेला. मशीनचं आवरण मंजुळाने धुवून दिलं होतं, तरी हळदीचा डाग राहिलाच. साहेब म्हणाले, राहू दे. आणि माझ्या टेबलामागे त्यांच्या सहीची एक सूचना लागली: 'श्री. पाटील यांना काहीही हलवायचे असल्यास त्यांनी प्रथम घरून परवानगी आणावी.'

कानबाई आता वर्षभर कुठे असते, मला माहीत नाही. एकदा मी सहज मंजुळाला विचारलं. सहजच.

"तुम्ही बघाल तिथे नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मी कुठे बघतो, ते तुला माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं! तुमच्या शोधायच्या जागा दोनच. आधी नाकासमोर बघता. तिथे नसलं की ओरडता, 'मंजुळाऽऽ!'"

खरं आहे. मी त्यात तिसरी ओळ घालायचा प्रयत्न करून बघितला, पण जमलं नाही. आणि पहिल्या जागी मला आजवर कधी काही सापडलेलं नसलं, तरी दुसरी जागा एकदाही रिकामी गेलेली नाही. आता हेच बघा, हे लिहून झालं, तर पेनाचं टोपण मिळत नाहीये.

मंजुळाऽऽ!